चित्राचा अभ्यास, माझा क्लास

१२ जुलै १९६४
चित्रा कॉलेजात गेली. पहिल्या वर्षी फर्स्ट क्लास मिळाला तर मेडिकल, नाहीतर ते विसरायचं. पोरगी हुशार आहे, पण अभ्यास कसा करावा हे तिला शिकवलंय कोणी? इथे जयपूरला चौडा रास्ता बाजारात नंदकिशोरजींचा खास क्लास निघाला आहे. विषय एकच: अभ्यासाची पद्धत. रोज संध्याकाळी दोन तास. फी भरून टाकली.

१३ जुलै
चित्रा नाही म्हणते. मतलब, अभ्यास सोडून अभ्यास कसा करायचा ते ऐकायला जाऊ का, म्हणे. फी परत मिळत नाही. मीच जाणार आणि घरी तिला शिकवणार. एका फीत दोघं शहाणी.

२ ऑगस्ट
वर्गात सगळी कोवळी पोरं. मला बाबूजी म्हणतात. नंदकिशोरजींनी माझ्या नोट्स वर्गाला दाखवल्या. उद्यापासून पहाटे उठून चित्राचं टाइमटेबल आखायचं.

३ ऑगस्ट
उठलो नाही. थंडीत उठू.

२० सप्टेंबर
नवा धडा: दर पानाला थांबून प्रश्न विचारावा. चित्राला केमिस्ट्रीच्या दर पानाला थांबवलं. तिसऱ्या पानाला रडली. एकाग्रता कमी.

५ नोव्हेंबर
होमवर्क फार. टेबल मला लागतं, म्हणून चित्रा स्वयंपाकघरात पाटावर बसते. जागा बदलल्याने स्मरणशक्ती वाढते.

१० जानेवारी १९६५
कोर्स संपला. आता रोजची संध्याकाळ चित्राला देणार, असं घरी जाहीर केलं. मायलेकी लगेच उठून स्वयंपाकघरात गेल्या, दार लावून घेतलं.

११ जानेवारी
सौ. शालिनी आपणहून म्हणाली, वरचा कोर्सही कराच. साडीसाठी साठवलेले पैसे काढून दिले! आईचं मन. डोळे भरून आले.

१४ मार्च
वरच्या कोर्सातही मी पहिला. ऑफिसातली प्रमोशनची परीक्षा राहिली. अभ्यासाला वेळच कुठे होता!

१८ जून
चित्राला फर्स्ट क्लास! मेडिकलचं जमणार. शेजारचे प्रभाकरराव पेढे घ्यायला आले, त्यांना क्लासचं माहात्म्य सांगितलं. त्यांनी चित्रालाच विचारलं, खरंच उपयोग झाला का. ती म्हणाली, खूप, क्लास नसता तर जमलंच नसतं. मला आभाळ ठेंगणं झालं. नेमकी कुठली पद्धत उपयोगी पडली, ते मी त्यांच्यासमोरच विचारलं. तर म्हणाली, मतलब बाबा, तुम्ही क्लासला गेलात की दोन तास घर शांत असायचं.

वाईट वाटलं. खूपच. पण क्लास हवा, हे माझं म्हणणं खरं ठरलं की नाही?

पुढच्या वर्षी धाकटा मुकुंद कॉलेजात जाईल. सौ.नं माझी फी आत्ताच भरून ठेवायला सांगितलं आहे.