मलकापुरातले सगळे शाकीर

वरवट बकाल,
गुरुवार

तीर्थरूप जयमालाताईस,

पन्नाशीला टेकलेल्या धाकट्या भावाचा नमस्कार. कंबर धरून का होईना, पण पूर्ण वाकून केला आहे.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. मागच्या खेपेला तू फोनवर "बरा हाय" म्हणालीस खरी, पण म्हणता म्हणता ओट्यावरून उठलीस आणि जी कण्हलीस ते सुलतानपूरहून थेट वरवटला ऐकू आलं. भाऊजींची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे (गुळाचा डबा तू कुठे लपवतेस ते त्यांना माहीत आहे, एवढंच सांगतो. मला कसं कळलं ते विचारू नकोस). इकडे सर्व ठीक. कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे. आमच्या अपेक्षासाठी आलेलं तिसरं स्थळही परत गेलं, आणि सुचिताच्या मते त्यात दोष माझा आहे. ते पुढे येईलच.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू स्पीकर लावून बोलतेस, आणि मागून भाऊजी, सूनबाई, शेजारची छाया असे सगळे आपापलं मत देतात. हा विषय चौघांच्या मतांचा नाही. म्हणून कागदावर लिहितो आणि पानांचे फोटो काढून गोकुळच्या मोबाइलवर पाठवतो. त्याला म्हणावं, फोटो आईला मोठे करून दे आणि अंगणात जाऊन उभा राहा.

तर तुझी गादी भरून झालेली नाही. तू दिवाळीत दिलेला जुन्या गादीचा कापूस पांढऱ्या चादरीत बांधून मी मागच्या मंगळवारी शेगावहून गाडीनं मलकापूरला निघालो. गठ्ठा लांबट होता, आणि मी तो दोन्ही हातांवर आडवा धरला होता. तो पाहून डब्यातल्या दोन बाया हात जोडून बाजूला सरकल्या आणि एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मी खुलासा केला नाही, कारण बसायला जागा मिळाली. (देवाची क्षमा मागितली. जलंब ते नांदुरा मागत होतो, पण बसूनच.)

मुश्ताकचं दुकान बंद होतं, म्हणून मागच्या अंगानं घरी गेलो. मुश्ताक म्हणजे आपल्या सुगराबीचा मुलगा. हे तुला सांगायला नको, पण लिहायला बसलो की मला सगळं पहिल्यापासून लिहावंसं वाटतं, तेव्हा सहन कर. आईची दोन मुलं तुझ्यानंतर बाराव्या दिवसाच्या आत गेली, आणि माझ्या वेळी अन्नपूर्णाबाई सुईण म्हणाली की हे पोर या घराचं म्हणून ठेवूच नका, विकून टाका. बाबांवर त्यांच्या लहानपणी हा इलाज उकिरड्यावर लोळवून केला होता, म्हणून ते जन्मभर उकंडराव. पण तो इलाज माझ्या दोन्ही भावांवर करूनही चालला नव्हता. मग मला सुपात घालून कुडावरून पलीकडे सुगराबीच्या हातात दिलं. पिंजाऱ्याचं घर, लग्नाला सहा वर्षं झालेली, तिला मूल नव्हतं. तिनं पसाभर कण्या आईच्या ओटीत टाकल्या, मला विकत घेतलं आणि नाव ठेवलं शाकीर. सुपाची एक कड तू धरली होतीस. तू तेव्हा सात वर्षांची, आणि सूप तिरपं केलंस म्हणून आईनं तुझ्या पाठीत धपाटा घातला, असं तूच मला सांगितलेलं आहे.

पाजायला, न्हाऊ घालायला मी आपल्या घरी, पण नावानं तिचा. शाळेत बाबांनी ज्ञानेश्वर लिहिलं, तरी सगळी आळी मला शाकीर म्हणायची, तू तर शाक्याच. मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. चौथीत मात्र स्नेहसंमेलनात मी स्तोत्र म्हटलं, गुरुजींनी बक्षीस घ्यायला ज्ञानेश्वर उकंडराव अशी हाक मारली, आणि बायांमधून सुगराबी उठून उभी राहिली. ती मोठ्यानं म्हणाली, वो देखो, मेरा शाकीर. सगळा मांडव हसला. गुरुजीही हसले. कोणी वाईट मनानं हसलं असेल असं आज मला वाटत नाही, पण मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. संध्याकाळी कुडाशी जाऊन मी तिला सांगितलं, "मले शाकीर म्हणू नको. मी तुहा पोरगा नाही." ती गादीच्या खोळीला दोरा घालत होती. दोरा तोडला आणि म्हणाली, "अच्छा बेटा. नै बोलूंगी."

दुसऱ्या दिवशीपासून ती मला ज्ञानेश्वर म्हणायला लागली. आपल्या आईला ते नाव कधी धड जमलं नाही, ती मरेपर्यंत ग्यानबाच म्हणायची. सुगराबीनं ते पाठ केलं असावं. इतकं स्वच्छ ज्ञानेश्वर मला पुढे कॉलेज झालेल्या माणसांकडूनही ऐकायला मिळालं नाही. वर्षाच्या आत तिला मुश्ताक झाला, काही वर्षांनी ते मलकापूरला गेले, आणि तो विषय मी मनातून काढून टाकला.

आता मुश्ताकचं अंगण. तिथे प्लास्टिकच्या सहा खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, पाचांवर माणसं, सगळी गंभीर. मला वाटलं आटोपलं. मी गठ्ठा खाली ठेवला, डोक्यावरची गांधी टोपी सारखी केली आणि पहिल्याला हळूच विचारलं, कधी झालं. तो म्हणाला, अजून नंबर लागला नाही.

मुश्ताक चहा घेऊन आला तेव्हा उलगडा झाला. अम्मा महिन्यापासून अंथरुणाला आहे, वय पंच्याहत्तरीचं, आणि आठ दिवस झाले, एकच धोशा. "शाकीरले बलाव म्हणते भाऊ. आमच्या सात पिढ्यांत शाकीर नाही. आता मी काय करू?" त्यानं जे करता येईल ते केलं होतं. मलकापुरातले, माहितीतले जेवढे शाकीर होते तेवढे घरी बोलावले होते आणि एकेकाला आत पाठवत होता. सकाळी दोघे जण आत जाऊन आले होते.

अंगणातला पहिला शाकीर स्टेशनवर ऑटो चालवतो. मुश्ताकचा निरोप मिळाला तेव्हा त्याच्या ऑटोत गिऱ्हाईक होतं, म्हणून तो गिऱ्हाइकासकट आला होता. ते गिऱ्हाईक म्हणजे भुसावळला निघालेले नारायणराव नावाचे गृहस्थ. मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन ते रांगेत बसले होते. गाडी केव्हाच निघून गेली होती, पण निकाल लागल्याशिवाय आपण हलणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं. दुसऱ्या शाकीरचं बांगड्यांचं दुकान. तिसरा सत्तरीचा जुना पहिलवान, त्याला आत जाताना दोघांनी धरावं लागलं. चौथे उर्दू शाळेतले शाकीर सर. सहावी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी बसलो. पहिलवानानं माझ्याकडे बोट करून विचारलं की हाही शाकीर का. नारायणराव म्हणाले, "ह्याची टोपी पाहा ना हो, हा कायचा शाकीर." सगळे हसले. मीही हसलो.

एकेक जण आत जाई, सलाम अम्मा, मैं शाकीर, असं म्हणे. ती बराच वेळ पाही आणि म्हणे, ये नै. ऑटोवाला बाहेर आला तो नोकरीच्या मुलाखतीत नापास झाल्यासारखा. बांगडीवाल्याला तिनं चष्मा लावून दोनदा पाहिलं, त्यामुळे त्याची आशा वाढली होती, तो जास्त खट्टू झाला. पहिलवान तर भांडायलाच लागला. म्हणाला, "सत्तर साल से शाकीर हूँ, आज तक कोई नै बोला के तू शाकीर नै." त्याला चहात बुडवायला बिस्किट दिलं तेव्हा तो शांत झाला. शाकीर सर मात्र समजूतदार. परत येऊन माझ्याशेजारी बसले आणि आपण होऊन सांगायला लागले की हे अरबी नाव, याचा अर्थ उपकार जाणणारा. तीस वर्षांत माझ्या वर्गांत एकोणीस शाकीर येऊन गेले, ते म्हणाले, त्यातले दोघे अजून रस्त्यात थांबून बोलतात. मी म्हटलं, दोन पुष्कळ झाले. आणि चहा थंड झाला तरी कप हातातच धरून राहिलो.

ताई, मला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. मुश्ताकनं नाव घेतलं तेव्हाच. त्यानं मला विचारलंसुद्धा, "भाऊ, तुमच्या वरवटले कोणी शाकीर होता का?" मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, पाहतो विचारून.

मग मीही भेटायला आत गेलो. खाटेवर ती एवढीशी झाली आहे. तिनं विचारलं, कौन. दार उघडं, दारात मुश्ताक, त्याच्या मागे पहिलवानासकट सगळे शाकीर आणि वांग्यांची पिशवी. माझ्या तोंडून निघालं, मी ज्ञानेश्वर, वरवटचा. चाळीस वर्षांची सवय, जीभ त्याच वाटेनं गेली. ती म्हणाली, बैठो बेटा. आणि माझा हात धरून, परक्या माणसाला निरोप द्यावा तसं म्हणाली, "वरवट में शाकीर मिला तो बोल उसकू. बोल, मैंने स्कूल के उस दिन के बाद फिर उसका नाम नै ली. किसी के सामने नै ली."

मी म्हटलं, सांगतो.

येताना गाडीत उभा होतो. जागा होती, तरी उभा होतो. घरी आल्यावर सुचिताला सांगितलं, तर तिनं सगळं ऐकून नेमकं एकच पकडलं. विकलेला पोरगा लग्नाआधी सोडवून आणायचा असतो, लुगडं-नारळ देऊन. मला सोडवलं का? सोडवलं नव्हतं. माझ्या लग्नात आई मलकापूरला जायचं म्हणत होती, मीच काही गरज नाही म्हणालो. झालं. अपेक्षाची स्थळं परत का जातात त्याचं कारण सुचिताला सापडलं. ती म्हणाली, "नवरा दुसऱ्याच्या मालकीचा, अन् पंचवीस वर्षं मी रांधून घालून राह्यली." आता लुगडं घेऊन चला म्हणून मागे लागली आहे. मी लुगडं घेऊन जाणार नाही. त्या बाईनं काही न बोलता इतकी वर्षं मला ठेवून घेतलं, आता शेवटी जाऊन सुटून यायचं हे मला बरं दिसत नाही.

मी सराव करून पाहिला, हे तुझ्यापासून लपवत नाही. शेतात धुऱ्यावर उभं राहून मोठ्यानं म्हटलं, मी शाकीर. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा गोऱ्ह्यानं मान वर केली. तिसऱ्यांदा तुरीच्या मागून शेजारचा कडूबा निघाला. त्याला सांगावंच लागलं. तो विळा पुसता पुसता म्हणाला, "तुह्यं बरं हाय बे. तुले दोन नावं. मले एकच, अन् तेबी कडू."

असो. काळजी करण्यासारखं काही नाही. म्हाताऱ्या माणसाचं असं चालायचंच. वेचणी आटोपली की पुढच्या महिन्यात कधीतरी जाऊन येईन. संध्याकाळी दिवा लावताना तिच्यासाठी दोन शब्द जास्त बोलतो, तेवढं माझ्या हातात आहे. भाऊजींना नमस्कार, गोकुळला आणि सूनबाईला आशीर्वाद. लोभ आहेच. तो वाढवायला आपल्या वयात आता जागा नाही, आहे तेवढा सांभाळ.

तुझा धाकटा भाऊ,
ज्ञानेश्वर

ता. क. कापूस मुश्ताककडेच आहे. ताईला गादीची घाई नाही, असं मी तुला न विचारता सांगून टाकलं. रागावू नकोस.

ता. क. २. पुढच्या महिन्यात जाईन असं वर लिहिलं ते खोटं आहे. खोडत नाही, कारण लिहिताना मला ते खरं वाटत होतं. आज, शुक्रवारी सकाळी मुश्ताकचा फोन आला. दोन दिवस झाले, तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. तरी बोलावणं थांबलेलं नाही. पाचोऱ्याचा एक शाकीर काल येऊन गेला म्हणे.

ता. क. ३. तू म्हणशील, मग एकटा जा आणि सांगून टाक. ताई, मी मुश्ताकला लाजत नाही, गावालाही लाजत नाही. मला भीती वेगळीच आहे. मी समोर जाऊन मैं शाकीर म्हणेन, ती चष्मा लावून बराच वेळ पाहील, आणि मलाही म्हणेल, ये नै. तसं म्हणाली तर चुकीचं म्हणाली असं मला कोणाला सांगता येणार नाही.

मला त्या नावानं हाक मारणारी आता तू एकटीच राहिली आहेस. उद्या सकाळच्या पहिल्या बसनं निघ, बुलढाण्यावरून दुपारपर्यंत मलकापूरला पोचशील. गुडघ्याचं मला कळतं, तरी ये. मी स्टँडवर असेन. मी आधी आत जाऊन तिच्या खाटेजवळ बसतो, काही न बोलता. तू दारातूनच, पहिल्यासारखी, चार घरं ऐकतील अशी हाक मार. शाक्या, जेवाले चाल बे, एवढंच म्हण.

मी ओ देईन.