उंदरांनी कुरतडलेली कयाक

नेरुळ, १८ जानेवारी १९९८

प्रिय अबोली,

काल तुझ्या जुन्या शाळेत मुलांच्या हस्तकला प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. घरी येऊन दोनदा साबणाने हात धुतले. टेबलामागे मुलं, मुलांमागे बाप. प्रश्न मुलाला विचारला की उत्तर मागून यायचं. “सगळं यानेच केलंय हं सर, मी नुसता बसून होतो,” असं एक जण म्हणाला. त्याच्या मुलाच्या पाणबुडीचा हिरवा रंग अजून ओला होता आणि तोच त्या गृहस्थाच्या नखांत होता. किळस आली. त्याची की माझी, हे डायरीत लिहायला बसलो तरी ठरेना.

तू सातवीत याच प्रदर्शनासाठी केलेली कयाक, ती एका माणसाची निमुळती नाव, आठवली. ध्रुवाकडच्या त्या बर्फात झाडं नाहीत, म्हणून तिथले लोक वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा खिळा न ठोकता बांधतात आणि बायका त्यावर सीलचं कातडं शिवतात, हे तू वाचनालयातल्या पुस्तकातून मला वाचून दाखवलं होतंस. नाव ज्याची, माप त्याच्याच अंगाचं. लांबी तीन वाव, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांच्या तिप्पट. रुंदी कंबरेएवढी, वर दोन मुठी. तू आईच्या टेपने स्वतःला मोजलंस, त्या मापांच्या लहान प्रमाणात कामट्या कापल्यास, सुतळीने बांधल्यास आणि फाटक्या छत्रीचं कापड शिवलंस. नाव डावीकडे जरा कलायची. मी हसलो, तर म्हणालीस, “माझा डावा खांदा उतरता आहे ना बाबा, म्हणून.”

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तू शाळेतून आलीस तेव्हा मी सांगितलं, उंदरांनी कुरतडली. तू रडलीस. संध्याकाळी मी पिवळी, चकचकीत कयाक पुढे केली. शिरवण्याजवळ फायबरच्या टाक्या करणाऱ्याकडून ती आठवड्यापूर्वीच करून घेतली होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं. ते घेताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

तुझं पत्र सोमवारी आलं. आर्किटेक्चरचा फॉर्म भरत नाही, माझ्या हातचं काही टिकत नाही, कयाकसुद्धा टिकली नाही, असं लिहिलंयस. अबोली, आपल्या घरात उंदीर नव्हते. तुझी वाकडी नाव शाळेत मांडायची मला लाज वाटली. तू वर्गात असताना मी ती जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय दिला. ती मोडली नाही. वाकली आणि पाय उचलताच पुन्हा वर आली. तीनदा जोर लावावा लागला, तेव्हा कुठे पहिली कामटी तुटली. सुतळीची एकही गाठ सुटली नव्हती.

फॉर्मची मुदत तीस तारखेला संपते.

तुझाच,
बाबा