खंड्याच्या मागचा कागद

प्रिय ताई,

फोनवर तू "मी बरी आहे, तू बोल" म्हणून विषय गुंडाळतेस, म्हणून लिहितोय. माझं सध्या कशातच चित्त नाही. खुर्चीत टेकतो, लगेच उठतो, चहा ठेवतो, तो उतू घालवतो आणि परत येऊन तीच फाईल उघडतो. बायको म्हणते, "तुम्ही पुस्तक छापताय की पुस्तक तुम्हाला छापतंय?" हसलो, पण तेवढ्यापुरतंच.

बाबांच्या पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक निघतंय, हे तुला माहीत आहेच. पानं मी लावतोय. आजवर लोकांची पुस्तकं लावली, घरचं पहिल्यांदाच. डाव्या हातचा मळ वाटला होता. पण छपाईसाठी फाईल काढली आणि रंगांनी उच्छाद मांडला. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे, कागदावरचे चार शायांचे. त्यामुळे निळे जांभळट झाले, कावळा तपकिरी पडला, आणि वर प्रत्येक पक्ष्याभोवती एक फिकट चौकोन उमटला. छापखान्यातले काका नमुना बघून म्हणाले, "अरे, हे पक्षी आहेत की टपालाची तिकिटं?" कारण मला ठाऊक होतं. चित्रं एका पद्धतीच्या रंगांत होती, पानामागची सायीसारखी छटा दुसऱ्या. मी एकेक चित्र त्यांच्या शायांच्या हिशोबात बदललं, पानाची छटाही त्याच हिशोबात आणली, चित्राचा कागद तिच्यात मिसळून जाईल असं केलं. कावळा काळाभोर झाला. बगळा पानावर नीट उभा राहिला. चौकोन विरघळत गेले.

खंड्याचा तेवढा जाईना.

हट्टाला पेटलो. फाईल नव्याने काढली, दुसऱ्या मशीनवर काढून बघितली, तरी चौकोन तिथेच. शेवटी मूळ चित्र भिंतीवरून उतरवलं, काचेतून काढलं आणि उजेडात धरलं. फाईलचा दोष नव्हताच, कागद वेगळा होता. बाबा कायम त्या जाड, पिवळसर, खरखरीत कागदावर रंगवत आले. हा पातळ, निळसर पांढरा. शाळेत ड्रॉइंगला देतात तसला.

बाबा शेजारीच मटार सोलत बसले होते. मी सहज विचारलं, "बाबा, खंड्याला हा कागद कुठला घेतलात?" त्यांचा हात थांबला. म्हणाले, "ते चित्र काढून टाक." मी म्हटलं, "अहो, लोक तुम्हाला त्या चित्राने ओळखतात, मुखपृष्ठावर तेच जातंय!" तर शेंगा तशाच टाकून गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवायलाही आले नाहीत. मग अबोलाच. आई असती तर तिने दोन वाक्यांत सगळं काढून घेतलं असतं. मला ते कुठलं जमायला!

इकडे छापखान्याचे फोन, तिकडे माझ्या थापा. आणि डोक्यात भलतंसलतं यायला लागलं. तू घरी आलीस की त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसतेस. मला वाटायचं, तुला पंख्याखाली बसायचं असतं. तुझे ब्रश एकदम मला मिळाले होते, तेव्हा मी केवढा खूश! का दिलेस, हे मी विचारलं नाही, कुणीच विचारलं नाही. "तिला चित्रांचा कंटाळा आला," असं घरात परस्पर ठरून गेलं होतं.

परवा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून थेट माझ्या ऑफिसात आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. पडद्यावरच्या खंड्याकडे बघत म्हणाले, "तो पक्षी तिचा आहे. मी फक्त खाली पाण्याची रेघ ओढली." मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तू शाळेत होतीस तेव्हा एकदा ते तापाने पडून होते, मासिकाचं चित्र राहिलं होतं. संपादक घरी आले, टेबलावरचा खंड्या उचलून म्हणाले, "वा! इतका हलका हात तुमचा आजवर लागला नव्हता." "एक शब्द बोलायचा होता रे," बाबा म्हणाले. "नंतर सांगू म्हटलं. अंक आला, खाली माझं नाव, आणि मग सांगायची सोयच राहिली नाही. संपादक बोलले तेव्हा ती दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही." मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "मग भिंतीवर कशाला लावलंत?" तर म्हणाले, "मासिकाच्या प्रकाशकाने चौकट करून पाठवलं, आईने लावलं. काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं."

ताई, मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांची दयाही आली. दोन्ही एकदम. अजून काही खाली बसलेलं नाही.

तो चौकोन मी चुटकीसरशी घालवू शकतो, कागदाचा रंग पुसला की झालं. पण बाबा म्हणाले, "तिचा कागद आहे तसा दिसू दे." मुखपृष्ठावर आता कावळा आहे. पहिल्या पानासाठी बाबांनी घडलं ते स्वतः लिहून दिलंय, आडपडदा न ठेवता. शुक्रवारपर्यंत छापखाना थांबेल. तुझं चित्र तुला न विचारता दुसऱ्यांदा छापायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय, आणि तेच विचारायला हे पत्र. हो म्हणालीस तर खाली तुझं नाव जाईल. नाही म्हणालीस तर ते पान कोरं जाईल. तिथे दुसरा पक्षी बसवायला मला सक्त मनाई आहे. तुला फोन करायचा त्यांना धीर होत नाही. मी लिहितोय आणि ते माझ्या पाठीमागे येरझारा घालतायत, सारखं विचारतायत, "लिहिलंस का? नीट लिहिलंस ना?"

तुझाच,
बारक्या