मळ्याच्या लॉरीची चाकं

सोमवार, ४ ऑक्टोबर १९३७

मालकांनी आज चाकांचं काम माझ्या गळ्यात घातलं. लॉरीचे दोन टायर आतल्या कापडापर्यंत झिजलेत, मागची एक रिम वाकडी. पुण्याच्या दोन दुकानांतून दोन जोड वापरून बघायला येणार. एक अरुंद टायरांचा. मागं दोन्ही बाजूंना जोडचाकं. दुसरा फुगीर टायरांचा, त्याला बलून म्हणतात. मागं एकेकच चाक, पण रुंद.

"स्टोअर तुम्ही सांभाळता, तुम्हीच बघा आणि लिहून द्या. गाडी रुतायला नको, मोसंबी फुटायला नको," मालक म्हणाले.

मळ्यापासून सणसरच्या सडकेपर्यंत दोन मैल काळी माती. मधे कालवा पाझरतो तिथं बारमाही चिखल. पुढं बारामती स्टेशनापर्यंत खडी. दोन्हीकडं चालेल असं चाक शोधायचं. मी आयुष्यात सायकलचं सुद्धा धड निवडलेलं नाही.

दौलत ड्रायव्हरला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तरी संध्याकाळी येऊन म्हणतो, "भाऊसाहेब, बलूनच घ्या."
याला कुणी सांगितलं?

गुरुवार, ७

बारामतीचा बाजार. खिळे, सुतळी, पेट्यांच्या फळ्या घेतल्या. स्टेशनात माल चढवून झाल्यावर दौलत दिसेना. शोधत गेलो तर चहाच्या दुकानात. समोर बलूनवाल्या दुकानाचा एजंट, काळी टोपी, पिवळे बूट (यापुढं नुसतं ए.). दोघांची डोकी जवळ. ए. कागदावर काहीतरी लिहीत होता, दौलत बोटानं दाखवत होता. मला बघून ए.नं कागद घडी करून खिशात घातला.

परतताना विचारलं, "कसला कागद?"
"काय न्हाय. असंच."

दौलतला लिहिता-वाचता येत नाही. मग कागद कशाला? दुकानाकडून काहीतरी ठरलंय. दुसरं काय असणार.

सोमवार, ११

अरुंद जोडचाकं शनिवारी बसवली. हवा मी स्वतः मोजली, सगळीकडं सारखी. आज भरल्या गाडीची परीक्षा. चाळीस पेट्या, वर चार बाया.

कालव्याजवळ मागची चाकं थबकली. दोन चाकांच्या मधल्या फटीत चिखल ठासून बसला, त्यात एक दगड अडकला, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. बैल लावून काढली. दौलत खाली उतरून म्हणतो, "बगा. म्हनलं हुतं का न्हाय?"

एवढा आनंद कशाचा? मला वाटतं, त्यानं मुद्दाम डाव्या अंगाला घेतली. उजवीकडं जमीन कडक होती. की नव्हती? नीट पाहायला हवं होतं.

बुधवार, १३

खंडेनवमी. लॉरीला झेंडूच्या माळा, चाकांना हळद-कुंकू. मालकांनी नारळ फोडला. दौलतनं बॉनेट असं पुसलं की जणू घरचं जनावर. वीस वर्षांपूर्वी लढाईत तो बसऱ्याकडं होता, तिथं फौजेच्या लॉऱ्या चालवल्या. त्याच्या गप्पा सगळा मळा ऐकतो. मला खोट्याच वाटतात, पण मालकांना आवडतात.

सौ.ला ए.ची आणि कागदाची गोष्ट सांगितली. म्हणाली, "दुधात पाणी बघणारे पाहिले. तुम्ही पाण्यात पाणी बघता."

सोमवार, १८

बलून बसवले. आज परीक्षा. निघताना हवा मोजली आणि लिहून घेतली. मी सडकेच्या तोंडाशी आधीच जाऊन उभा, तिथून कालवा दिसतो.

गाडी कालव्यावरून अशी आली की बघत राहावं. रुतली नाही, घसरली नाही. चिखलावर पाऊल उमटावं तसा चाकांचा ठसा. पेट्यांतलं एक फळ फुटलं नाही. वर बसलेली सोनाबाई हसत ओरडली, "भाऊसाब, पाळन्यात बसल्यावानी वाटतंय!"

मी गाडी तिथंच थांबवली आणि पुन्हा हवा मोजली. निम्मी! चारही चाकांत निम्मी.

"हवा कुठं गेली?"
दौलत म्हणाला, "म्याच सोडली."
"कुणाच्या हुकुमानं?"
"चिखलासाटी सोडली. आता भरनारच हुतो."

पंप त्याच्या हातात होता हे खरं. पण मी पकडल्यावर हातात आला की आधीपासून होता? टायर चांगला दिसावा म्हणून केलेली लबाडी, हे उघड आहे. अरुंद चाकांतली का नाही सोडली? विचारलं. "ती सोडून भागत न्हाय, भाऊसाहेब. त्या चाकान्ला अंगच न्हाय." तयार उत्तर.

मंगळवार, १९

मालकांना सगळं सांगितलं. कागद, चहा, हवा. मालकांनी दौलतला बोलावून विचारलं, ए.शी काय ठरलं. दौलत म्हणाला, "काय बी न्हाय." कागदाचं विचारलं, तर माझ्याकडं बघून म्हणाला, "यांनी मनात धरलंच हाय. आता म्या काय बी सांगितलं तरी खोटंच."

हे उत्तर नव्हे. मालकही तेच म्हणाले. दौलतला लॉरीवरून काढून विहिरीच्या इंजिनावर घातलं.

शुक्रवार, २२

दौलत इंजिनावर गेलाच नाही. आज बिऱ्हाड उचलून बायकोच्या माहेरी इंदापूरला गेला. जाताना लॉरीतला पंप लांबवेल म्हणून मी तो कालच काढून स्टोअरात ठेवला आणि कुलूप घातलं. त्यानं मागितलाही नाही. माझ्या खोलीवरून गेला, राम राम केला नाही. सहा वर्षं रोज करायचा.

सोमवार, २५

नवा ड्रायव्हर यशवंत. लासुर्ण्याचा, तिकडं उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचा. तरणा, बोलका. बलूनमध्ये पूर्ण हवा भरून पाठवला. कालव्याजवळ रुतला! बलून असून रुतला.

पेट्या उतरवताना हमाल तुकाराम म्हणाला, "दौलतराव हवा सोडायचा हितं. जुन्या टायरला बी थोडी सोडायचा. सडंक लागली की उतरून पंप मारायचा, समदी भरायचा, मगच म्होरं."
"रोज?"
"व्हय. रोज."
"मला कुणी बोललं नाही."
"तुमी इचारलं कवा?"

दिवसभर डोक्यात तेच. म्हणजे हवा सोडणं लबाडी नव्हती. पण मग कागद? एक गोष्ट खरी निघाली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. मालकांना इतक्यात काही बोललो नाही. आधी स्वतः करून बघू.

बुधवार, २७

यशवंतला सांगितलं, कालव्याआधी निम्मी हवा सोड. सोडली. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी गेली. मालक पाहत होते. "वा, जमलं तुम्हाला," म्हणाले. दौलतचं नाव घ्यायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं.

सडकेला लागल्यावर हवा भरायला यशवंतला सायकलवाल्याकडून पंप मागून आणावा लागला. पाऊण तास गेला. बारामतीची छोटी आगगाडी जेमतेम गाठली.

गुरुवार, २८

यशवंत सकाळी स्टोअरात. "भाऊसाहेब, आपला पंप द्या की गाडीत ठेवायला. लोकाचा रोज कोन देतं?"
नव्या माणसाचा काय भरवसा. चार दिवसांत पंप विकून मोकळा होईल. म्हणालो, "पंप स्टोअराबाहेर जायचा नाही. सडकेला हळू चालव. एवढ्याशा हवेनं काय होतंय?"

जसं बोललो तसंच लिहून ठेवलंय.

शनिवार, ३०

दुपारी तीनला निरोप आला. सणसरच्या पुढं सडकेवर उजवं मागचं चाक फुटलं. टायर बाजूनं फाटून रिमवरून निघाला. गाडी चरात कलंडली. यशवंतच्या कपाळाला खोक. मोसंबी सडकभर. सोनाबाई पेट्यांवरून फेकली गेली, डावा पाय गुडघ्याखाली मोडला.

मी गेलो तेव्हा तिला बैलगाडीत गवतावर निजवलं होतं. बारामतीच्या दवाखान्यापर्यंत मी बरोबर. ती ओरडत नव्हती, दातात पदर धरून होती. मधेच म्हणाली, "चाकाला काय झालं हो?"
मी म्हणालो, "फुटलं."
"असं कसं फुटलं? नवं हुतं की."

फाटलेला टायर बघितला. आतून कापड गोल चिरत गेलंय. कमी हवेवर खडीवरून पळाला की बाजू दुमडते, तापते, आणि चिरते. हे समजायला पुण्याचा माणूस लागत नाही.

सोमवार, १ नोव्हेंबर

ए. आला. काळी टोपी, पिवळे बूट. कधी नव्हे ते माझ्या खोलीत बसला. "भाऊसाहेब, लिहिताना वजन जास्त होतं असं लिहा. ड्रायव्हर नवा, बेफाम. दुकानाचं नाव खराब व्हायला नको. तुमचंही."

तुमचंही. म्हणजे याला पंपाचं कळलंय.

मी विचारलं, "दौलतनं तुमच्याकडून काय लिहून घेतलं होतं?"
तो हसला. "ते होय? चाकांबरोबर काय काय पाठवा, त्याची यादी. चांगला पंप, हवा मोजायची सुई ड्रायव्हरसाठी वेगळी, एक जादा चाक. म्हणाला, भाऊसाहेबांपुढं बोललो तर त्यांना वाटेल आपण आतून मिळालेलो आहोत."
"यादी दाखवा."
"आता कुठली असणार? तुम्ही दौलतला काढलंत, आम्ही टाकून दिली."

खरं बोलतो? आत्ता त्याला माझ्याकडून काम करून घ्यायचंय. मला गोड वाटेल ते सांगेल. पण हे मला गोड कुठं वाटतंय? खोटं असतं तर बरं, असं वाटत होतं. म्हणजे मी एका माणसाचं वाईट निघावं म्हणून...

मंगळवार, २

दवाखान्यात जाऊन आलो. सोनाबाईचा पाय फळ्यांत बांधलाय. डॉक्टर म्हणतात जुळेल, पण सरळ जुळेल की नाही सांगता येत नाही. तिचा नवरा कऱ्हाटीहून आलाय, कोपऱ्यात उकिडवा बसून होता. मी म्हणालो, चौकशी चालू आहे, दोष कुणाचा ते निघेल.

सोनाबाई म्हणाली, "दोष निगंल तवा निगंल. म्या चालंन कवा ते इचारा डाक्तरला. तुमाला विंग्रजी येतं."
मी विचारलं. डॉक्टरांनी मराठीतच सांगितलं, तीन महिने.

उद्या लक्ष्मीपूजन.

शुक्रवार, ५

कालचा पाडवा कसा गेला माहीत नाही. आज मालकांना लिहून दिलं. तीनदा फाडलं. पहिल्यात वजन होतं, दुसऱ्यात यशवंत. तिसऱ्यात सगळं होतं, फक्त पंप नव्हता. सौ. दिवा पुसता पुसता म्हणाली, "कुलूप तुम्ही घातलंत ना?" एवढंच.

शेवटी लिहिलं: चाकं बलूनच घ्यावीत, रुंद रिमची, एक जादा. चिखलात हवा कमी करावी, सडकेवर भरावी, हे दौलत ड्रायव्हर करीत असे व ते बरोबर होते. पंप माझ्या हुकुमानं स्टोअरात कुलपात होता. ड्रायव्हरनं मागूनही मी दिला नाही.

मालकांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "इंदापूरला जा. दौलतला विचारा येतो का. तुमचं मग बघू."

रविवार, ७

इंदापूर. दौलत मोटार-अड्ड्यावरच सापडला. इंदापूर-बारामती सर्व्हिस मोटारीवर लागलाय. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. काय लिहून दिलं तेही. त्यानं विचारलं, "सोनाबाईचा पाय?"
"तीन महिने म्हणतात."
"वाकडा ऱ्हाईल?"
"सांगता येत नाही."


"मालकांनी बोलावलंय, दौलत. मीही बोलावतोय."
"बगतो."
"कागदात काय होतं? ए. म्हणाला यादी होती."
त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. "भाऊसाहेब, आजून त्येच?" आणि गाडीकडं गेला.

परत यायला दुसरी मोटार नव्हती. त्याच्याच गाडीत बसलो, मागच्या बाकावर. लासुर्ण्याच्या अलीकडं त्यानं गाडी उभी केली, उतरला आणि मागच्या चाकाशी जाऊन खाली वाकला. काय करतोय म्हणून मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. मला कळलंसुद्धा नाही मी कधी वाकलो. वर बघितलं त्यानं.

"या खाली," म्हणाला. "जवळनं बगा."

सगळे उतारू माझ्याकडं बघत होते. उतरलो. चाकात अडकलेला खडा तो पान्याच्या टोकानं काढत होता, बाकी काही नाही. खडा निघाला. पुन्हा गाडीत चढलो.

सणसरच्या फाट्यावर उतरताना विचारलं, "मालकांना काय सांगू?"
त्यानं गियर टाकला. "म्या भेटलो म्हनून सांगा."