गादी पुढच्या घरी

बाबा, परवा मी परतवाड्याला जाऊन आले. एकटी, शेअर जीपमध्ये, मांडीवर हवेच्या गादीची वळकटी आणि पायाशी तिच्यात हवा भरणारी लहानशी मोटर घेऊन. गादी समाजसेवा करणाऱ्या त्या क्लबची होती. हो, त्याच लोकांची, ज्यांना तुम्ही आयुष्यभर ‘हारवाले’ म्हणत आलात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्यासमोर त्यांचं कौतुक करायचं म्हणजे अजून जीभ अडखळते. म्हणून लिहून काढते.

मी सहावीत होते. क्लबच्या लोकांनी आमच्या शाळेत डोळे तपासले. मला पुस्तकातली अक्षरं पुसट दिसायची, वाचायला बसलं की डोकं दुखायचं, आणि बाईंना वाटायचं मी ढ आहे. आठ दिवसांनी चष्मे वाटायचा कार्यक्रम झाला. हार तुमच्याकडूनच गेले होते. क्लबचं पदग्रहण असो की शिबिर, शेवंतीचे हार तुमच्याच हातचे असायचे. रिकामी टोपली घेऊन तुम्ही मागच्या भिंतीशी उभे आहात. स्टेजवर तुमचा हार गळ्यात घातलेले एक साहेब माझ्या हातावर चष्म्याची डबी ठेवतात. फोटोवाला म्हणतो, “पोरी, हात जरा पुढं कर.” मी हात पुढे करते आणि तुमच्याकडे पाहून हसते. तुम्ही हसत नाही.

“माह्याच हाराखाली माह्या पोरीनं हात पसरला,” घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात. ती सुतळीत झेंडू ओवत होती. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. “उद्या देऊन ये. आपून फुलं विकतो, भीक नाई घेत.”

“अवो, पोरीले दिसत नाई थे,” आई म्हणाली.

“दिसत नाई तं मी घेऊन देईन. लोकायचं काहून?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही विचारलंत, “देऊन आली?” मी मान डोलावली. तुम्ही चष्मा घेऊन देणार होतात. दिवाळी गेली, संक्रांत गेली, ते राहून गेलं. मीही आठवण दिली नाही. सातवीत नापास झाले आणि शाळा सुटली. पुढे वाचायला मी आपली आपणच शिकले. ते कसं, ते शेवटी सांगते.

तुमचं ते बोलणं मात्र मी सासरी घेऊन गेले. कोणाकडून वाटीभर साखरही उसनी आणली नाही. मागच्या वर्षी तुमच्या जावयांना अर्धांगवायूचा झटका आला. रेल्वेत उभ्यानं नोकरी केलेला माणूस पलंगाला लागला. डॉक्टर म्हणाले, पाठीला जखमा होतील, हवेची गादी आणा. क्लबच्या कपाटात अशा गाद्या असतात, कुबड्या असतात, चाकाच्या खुर्च्या असतात, हे मला माहीत होतं. मी मागितली नाही. विकत आणू, आणू म्हणत तीन आठवडे गेले, अगदी तुमच्या चष्म्यासारखे. कूस बदलताना त्यांच्या तोंडून आवाज निघायचा. मी दार लावून घ्यायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

एक दिवस शेजारच्या आपा दार ढकलून आत आल्या. त्या शिलाईकाम करतात, क्लबच्या गाद्यांना खोळीही त्याच शिवून देतात. त्यांनी चादर उचलली, पाठ पाहिली आणि मला म्हणाल्या, “बहेन, त्याइची पाठ सडून राहिली आन् तुमाले शरम येऊन राहिली?”

बाबा, तेव्हा तुमची आठवण आली आणि राग आला. आधी तुमचा, मग माझा.

आपांनी तिथूनच क्लबला फोन लावला. आपल्या अमरावतीच्या क्लबच्या कपाटातल्या सगळ्या गाद्या कोणाकोणाच्या घरी होत्या. मग क्लबवाल्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर निरोप फिरला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, परतवाडा, सगळ्या गावचे क्लब त्या ग्रुपात आहेत. अर्ध्या तासात उत्तर आलं की अकोल्याला एक गादी कालच मोकळी झाली आहे. दुसऱ्या दिवशी गादी आली, आणि ती घेऊन कोण आलं माहीत आहे? क्लबचे कोणी साहेब नाहीत. अकोल्याची एक सून, जिचा सासरा त्या गादीवर झोपत होता. बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं, तिथून क्लबातल्या एका निवृत्त विमा एजंटाच्या स्कूटरवर. तिनं पदर खोचला, गादी अंथरली, मोटर लावली. म्हणाली, “दोन दिवस आवाजानं त्रास होते, मंग सवय होते.” निघताना चपला घालत म्हणाली, “आता हे तुमची. तुमचं झालं का पुढच्या घरी तुमालेच न्या लागते, बरं का.”

हाच त्यांचा रिवाज. ज्याच्या घरी वस्तू होती त्यानंच ती धुऊन पुसून पुढच्या घरी पोचवायची, कशी वापरायची ते दाखवायचं, चहा प्यायचा आणि यायचं. फोटो नाही, भाषण नाही. मी विमावाल्या काकांना विचारलं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? ते हसले. “पयले आमी स्टेजवर बलावून देत होतो. मंग पाह्यलं, एकडाव फोटो निघाला का माणूस पुन्हा आमच्या दारात येत नाई. लय उशिरा समजलं आमाले.”

तुमचं तेव्हा चुकलं नव्हतं, बाबा. पण तुम्ही तिथेच थांबलात आणि ते लोक पुढे गेले. पदग्रहणाला आजही त्यांचं बॅनर स्टेजपेक्षा मोठं असतं आणि हार एकेकाच्या कानापर्यंत येतात. पाहून मला हसू येतं. पण तेच लोक दुकान सोडून रक्त द्यायला धावतात, मेळघाटातल्या म्हाताऱ्यांना मोतीबिंदूसाठी जीपमध्ये बसवून आणतात आणि पट्टी निघाल्यावर घरी सोडून येतात. एवढ्या गावांत आपल्या गरजेला कोणीतरी उभं आहे, हे मला या वयात कळलं.

तुमचे जावई त्या गादीवर अडीच महिने होते. जखमा भरल्या. शेवटची आंघोळ घालताना त्यांची पाठ स्वच्छ होती. मी त्या पाठीवर हात ठेवून बसले होते, बायकांनी उठवेपर्यंत.

मग गादी धुतली, वाळवली आणि कोपऱ्यात ठेवली. फोन करून कळवायचं होतं, कळवलं नाही. घर फार शांत झालं की मी नुसती मोटर लावून बसायची. दीड महिना असा गेला. शेवटी आपाच म्हणाल्या, परतवाड्याला एक म्हातारबा खुब्याचं हाड मोडून पडले आहेत, त्यांची पोरगी गादीसाठी वाट पाहून राहिली. तीन आठवडे मी काय केलं होतं ते आठवलं. सकाळीच निघाले.

म्हातारबा भाजीवाले. पोरीनं दार उघडलं तोच आतून आवाज, “कोन हाय? आमी नाई मांगतली गादी. वापस न्या. आमी वांगे पिकवतो, दान नाई घेत.” पोरगी माझ्याकडे पाहीना. मी उंबऱ्यातच थबकले. आवाज तुमचा होता.

“दान कोन देऊन राहिलं, बाबाजी?” मी म्हटलं. “मी तं हमाल हाव. अकोल्याहून माह्या घरी आली, माह्या घरून इथं. तुमचं झालं का पुढच्या घरी तुमाले पोचवा लागते.”

“मी कसा नेऊ? मी तं पडून हाव.”

“तुमी नाई तं तुमची पोरगी नेईन. पण वाट अडवून नोका ठेवू. तुमच्या मागं अजून कोनी पाठ लावून पडलं असन.”

त्यांनी उशीवरची मान माझ्या हातातल्या वळकटीकडे वळवली. मग पोरीला म्हणाले, “उभी काय राह्यली? बाईले चाय मांड. आन् ते मोटर कशी चालते ते पाहून घे नीट, पुढं आपल्याले सांगा लागन.” येताना त्यांनी पिशवीभर वांगी दिली. मी घेतली.

आता राहिलेलं सांगते. तो चष्मा मी परत केला नव्हता. शाळेत घालायची हिंमत नव्हती, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी सांगितलं असतं. पण तुम्ही फुलं आणायला गेलात की मी तो काढायची आणि पुड्या बांधायची रद्दी वाचायची. आईला माहीत होतं. माझं पान वाचून होईपर्यंत ती ते बाजूला ठेवायची आणि दुसऱ्या पानात फुलं बांधायची. तुमच्या प्रत्येक पुडीवर मी आधी वाचून घेतलेलं काहीतरी असायचं.

क्लबवाले जुने चष्मेही गोळा करतात, त्यांची एक पेटी आहे. परवा परतवाड्याहून येताना माझा चष्मा त्या पेटीत टाकायचा म्हणून डबी निघतानाच पिशवीत ठेवली होती. पेटीपर्यंत गेले आणि वांग्यांसोबत ती परत घरी घेऊन आले. हा कागद आता त्याच डबीत घडी करून ठेवते. गादी दिली, बाबा. पण चष्म्याचं विचाराल, “देऊन आली?” तर मी पुन्हा मान डोलावेन.