गोबरगॅसवरचा नैवेद्य

माय, तू मला दोनच गोष्टींवरून रागवायचीस. पानात टाकलं तर आणि खोटं बोललो तर. पानात मी अजूनही काही टाकत नाही.

धुळ्याहून डिप्लोमा करून मी फैजपूरजवळच्या आपल्या गावी परत आलो, तेव्हा तुझं सगळं रांधणं स्टोव्हवर नाहीतर चुलीवर असायचं. रेशनच्या दुकानापुढे घासलेटचा डबा रांगेत ठेवून तू ताटकळत बसायचीस, आणि घरी चुलीपुढे खोकून खोकून जीव अर्धा. म्हणून मी मागच्या अंगणात गोबरगॅसची टाकी बांधून घेतली. पहिल्या दिवशी तू पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "पाह्य बरं, काजयीच नाही." त्या दिवशी शेजारणींना बोलावून बोलावून तू ते पातेलं दाखवलंस.

पुढे आपण बैलजोडी विकली आणि शेण कमी पडू लागलं. पोळ्या अर्ध्यावर असताना ज्योत बसायची नि तुझा स्टोव्ह पुन्हा निघायचा. तू मामाकडे शिरपूरला गेलीस त्या आठवड्यात मी नव्या संडासाचा पाइप टाकीला जोडून टाकला. गॅस तो गॅस, त्यात विटाळ कसला, असं माझं डोकं. पण तुला पटणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. आल्या आल्या मोठी ज्योत बघून तू विचारलंसच, "भाऊ, यात नुस्तं शेनच जाते ना?" मी म्हणालो, "हाव."

मग आखाजी येते, अक्षय तृतीया. तू अंघोळ करून त्याच शेगडीवर पुरण शिजवतेस, घागर भरतेस, पितरांना पान वाढतेस, माझ्या गेलेल्या वडिलांच्या, आबांच्या नावानं घास टाकतेस. मी समोर बसून बघतोय, आणि मग माझं पान चाटूनपुसून संपवतो.

पावसाळ्याआधी टाकी दुरुस्त करायला आलेला गवंडी तुझ्यासमोरच बोलून गेला. तू चहा गाळत होतीस. तो गेल्यावर म्हणालीस, "संडासाचं मी आयकलं बी असतं कदाचित. पन मी तुले इचारलं व्हतं." बस, एवढंच. आदळआपट नाही, रडणं नाही. रोजचा स्वयंपाक गॅसवर करत राहिलीस, पण सणाचं पान मरेपर्यंत चुलीवर रांधलंस, तोंडाला पदर लावून, धुरात. तुझ्या खोकल्यासाठीच केलं होतं गं मी. तेवढंही कधी बोलता आलं नाही. फार लाज वाटायची.

पुढे गोबरगॅस बांधून देणं हाच माझा धंदा झाला. संडास जोडायचा म्हटलं की बायका नाक मुरडतात. मग मी सांगतो, "अक्का, माझ्या मायनं आखाजीचा नैवेद्य यावरच केला होता." त्या तयार होतात. आज सकाळीही एका घरी हेच सांगून आलो. तुला ते माहीत होतं का, असं अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर खरं सांगेन, असं मला वाटत नाही.