कावळ्याला दिलेला शब्द

ती. नाना,

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत असते. पण तसं नाहीये, म्हणूनच लिहायला बसलेय. पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध आणि त्याआधी तुमच्याशी एकदा भांडून घ्यायचंय. जिवंतपणी सासऱ्यासमोर आवाज चढवला नाही, आता चढवते.

परवा आई नारपोलीला मासळी आणायला गेल्या. येताना रिक्षात बसल्या, पण टेमघरला कुठे उतरायचं तेच आठवेना. रिक्षावाला ओळखीचा, म्हणून दारापर्यंत सोडून गेला. जाताना हळूच म्हणाला, "भाभी, अम्मा को अब अकेली मत भेजना." आई मात्र काही झालंच नाही अशा थाटात कोलंबी सोलायला बसल्या. डॉक्टर म्हणतात, विसर वाढतच जाणार. पुढे दिवसरात्र माणूस लागेल. जे कागद करायचेत ते त्यांना समजतंय तोवर करून घ्या.

समजतंय तोवर! हे तुम्हाला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की. वडपे गावातल्या आपल्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिलं, भाडं यायला लागलं, तेव्हाच हे तुम्हाला म्हणाले होते, खात्यात निदान आईचं तरी नाव घाला. तुमचा घास हातातच राहिला. म्हणालात, "नाव घातलं का वाटनी सुरू झाली. मी हाय ना अजून." झालं. दोन्ही लेकांनी माना खाली घातल्या. तुमच्यापुढे बोलायची कुणाची टाप होती?

मग तुम्हाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. भाडं मात्र नेमानं तुमच्या खात्यात जमा होत राहिलं आणि तिथंच बसून राहिलं. इकडे आया, डायपर, हवेची गादी, व्यायाम घ्यायला येणारा मुलगा, सगळं रोख. बँकेचे साहेब घरी येऊन तुम्हाला बघून गेले. म्हणाले, यांना काय चाललंय ते कळत नाही, आम्ही अंगठा घेऊ शकत नाही, कोर्टातून पालक नेमून आणा. यांनी वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या. तोवर आईंच्या पाटल्या गेल्या, मग माझा हार गेला. धरण उशाला आणि कोरड घशाला, दुसरं काय!

साहेब काहीही म्हणोत, मला वाटतं तुम्हाला कळत होतं. पाटल्या काढल्या त्या दिवशी तुम्ही डावा हात पलंगाच्या दांडीवर आपटलात. मग माझा पदर धरून चादरीवर बोटानं काहीतरी गिरवू लागलात. पुन्हा पुन्हा तेच. सही होती ना ती, नाना? मी घरात सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, हात थरथरतोय.

आणि दहाव्याला काय झालं ते ऐका. आम्ही बायका घरी होतो, तिथलं सगळं मला यांनी येऊन सांगितलं. पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळू म्हणून झालं, नातवंडांना शिकवू म्हणून झालं. कावळे झाडावर ढिम्म. शेवटी जगदीशभाऊजींनी हात जोडले. म्हणाले, "नाना, तुमच्यावानीच ठेवू. कुनाचं नाव घालनार न्हाय, वाटनी करनार न्हाय." आणि कावळा शिवला.

खरंच तुम्हाला तेच हवं होतं? की त्या कावळ्याला एव्हाना भूक लागली होती?

कारण आता भाडं आईंच्या एकटीच्या खात्यात येतंय. पुन्हा तेच! गेल्या रविवारी वकिलांना घरी बोलावलं. मी म्हटलं, मुखत्यारपत्र करून टाकू. तर म्हणाले, ताई, माणसाची समज गेली की तो कागदही कामाचा राहत नाही. खात्यात दुसरं नाव घाला, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं लिहून द्या, आणि इच्छापत्र करा. कुणाचं नाव, म्हणून हे आणि भाऊजी एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा आईच म्हणाल्या, "पोरांचं नको. रंजनाचं घाला. तुमच्या बापाचं हगलं-मुतलं हिनंच काढलं. माझं पन हिलाच काढायचं हाय."

नाना, मला रडू फुटलं. या घरात सुनेचं नाव फक्त लग्नपत्रिकेवर छापलेलं मी पाहिलंय.

पण संध्याकाळी भाऊजींनी आईंना पिंडाच्या शब्दाची आठवण करून दिली. ते वाईट नाहीत, घाबरलेत. शब्द मोडला तर घराला काही होईल असं त्यांना वाटतं. तेव्हापासून आई तुमच्या फोटोसमोर बसतात. सकाळी हो म्हणतात, दुपारी नाही म्हणतात. आणि मी? आई चहाचा कप उचलतात तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघते. सही येईल ना अजून? श्राद्धानंतरच्या सोमवारी बँकेत जायचंय, तोवर मला ओळखतील ना? असं बघताना स्वतःचीच लाज वाटते. गाव तर म्हणणारच, सुनेनं म्हातारीला गुंडाळलं.

म्हणून आता शब्द मी देते. वर्षश्राद्धाचं पान गच्चीवर मीच ठेवणार आहे, वडे आणि खीर. आईंचा पैसा आईंच्याच अंगाला लागेल. त्यांच्या अंगाखालची चादर ओली राहणार नाही. औषधासाठी त्यांच्या कानातली कुडी उतरणार नाही. मागे उरेल ते दोन्ही भावांचं सारखं, आणि ते आई स्वतःच्या तोंडानं सांगून इच्छापत्रात लिहवून घेतील.

शिवलात तर आईंच्या जिवाला बरं वाटेल. नाही शिवलात तर पान गाईला घालीन आणि सोमवारी आईंना घेऊन रिक्षात बसेन. कुठे उतरायचं ते मला ठाऊक आहे.

तुमची थोरली सून,
रंजना